भार कोणी वाहावा?

मनुष्यदेहातील जे अवयव सर्वांत अधिक भार वाहतात, त्यांचीच आठवण आपणास सर्वांत कमी होते. डोळा, काळीज आणि हात यांच्यावर भाषेने वाक्प्रचारांची उधळण केली आहे. खुब्याच्या वाट्याला त्यातले फारसे काही आले नाही. आणि तरीही उभे राहणे, चालणे, जिना चढणे, पाटावर मांडी घालून बसणे ही सारी कामे त्याच्यावाचून अडतात. कमरेच्या हाडातील एक खोल वाटी आणि तीत फिरणारा मांडीच्या हाडाचा गोल माथा, एवढीच त्याची रचना. पण साध्या चालण्यातही या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या दुपटीहून अधिक दाब पडतो. हा दाब तो साठ-सत्तर वर्षे बिनतक्रार सोसतो, आणि म्हणूनच तो आहे हे आपल्या ध्यानी राहत नाही.

तो सोसेनासा झाला म्हणजे मात्र दुसरे काही ध्यानी राहत नाही. झिजलेला सांधा काढून त्या जागी कृत्रिम सांधा बसविणे ही आज नवलाची गोष्ट राहिलेली नाही. आणि दोन्ही खुबे निकामी झाले असतील तर एकाच भुलेत, लहान छेदांतून आणि स्नायू शक्य तेवढे न कापता दोन्ही बदलून देणारे शस्त्रवैद्य चेन्नईसारख्या नगरात आहेत. परदेशांतूनही रुग्ण त्यासाठी येथे येतात. हे करता येते का, हा वैद्यकाचा प्रश्न झाला. मला येथे जो विचार करावयाचा आहे तो निराळा आहे. दोन वेळा थोडे थोडे परावलंबी व्हावे की एकदाच संपूर्ण व्हावे, आणि हे ठरविताना आपल्या देहाचा धोका व दुसऱ्याचे कष्ट ही एकाच तराजूत घालावीत काय, हा तो प्रश्न होय. आपल्या प्रांतापासून दूर नोकरी करणाऱ्या माणसास तो जितक्या तीव्रतेने पडतो, तितका आपल्या गावी चार भावांच्या घरात राहणाऱ्यास पडत नाही.

आमच्या कचेरीतील एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यांवर हा प्रसंग आला. वय चौपन्न. एका जुन्या दुखण्यासाठी त्यांना दीर्घकाळ स्टेरॉइडे घ्यावी लागली होती. त्यांचा परिणाम म्हणून मांडीच्या दोन्ही हाडांच्या माथ्यांचा रक्तपुरवठा आटला आणि ते माथे आतल्या आत खचू लागले. या विकाराचे वैशिष्ट्य असे की तो पुष्कळदा दोन्ही बाजूंस होतो आणि ऐन कर्त्या वयात गाठतो. अतिरेकी मद्यपानाने तो होतो. आपल्या विदर्भात आढळणाऱ्या सिकलसेलच्या रोगातही होतो. तात्पर्य, हे केवळ वार्धक्याचे दुखणे नव्हे. सहकाऱ्यांची पत्नी पुण्यास शाळेत शिक्षिका, मुलगी बारावीत, आई शय्येवर. ते स्वतः येथे सरकारी वसाहतीतील दोन खोल्यांत एकटे. शस्त्रवैद्यांनी दोन मार्ग सांगितले. आधी अधिक दुखणारा खुबा बदलावा आणि तीन-चार महिन्यांनी दुसरा. किंवा दोन्ही एकदम. त्यांनी दुसरा मार्ग निवडला. कारण विचारले तेव्हा ते एवढेच म्हणाले, “तिला दोनदा यावयास लावणे बरे नव्हे.”

या एका वाक्याने मला बराच काळ विचारात पाडले आहे.

प्रथम दोन्ही मार्गांचे गणित पाहू. एकदम केल्यास भूल एकदा, रुग्णालयातील मुक्काम एकदा, व्यायामाचा कालखंडही एकदाच. शिवाय ज्याचे दोन्ही खुबे आखडले आहेत, त्याचा एकच बदलला तर नवा पाय चालू पाहतो आणि जुना त्यास मागे ओढतो; सुधारणा अर्ध्यावर अडते. दुसऱ्या बाजूस, एकाच दिवशी रक्तस्राव अधिक होतो, हृदयावर व फुप्फुसांवर एकदम ताण येतो, शिरांत गुठळी होण्याचे भय असते. ज्याची प्रकृती अन्यथा निकोप आहे अशा निवडक रुग्णाच्या बाबतीत हा धोका फारसा वाढत नाही असे अनेक शस्त्रवैद्य मानतात. हृदयविकार असलेल्या वा फार वृद्ध रुग्णास ते दोन टप्प्यांचाच सल्ला देतात. म्हणजे येथे एक उत्तर सर्वांस लागू नाही, आणि जेथे एक उत्तर नसते तेथेच नीतीचा प्रश्न उभा राहतो.

एक सार्वजनिक उदाहरण पुष्कळांच्या स्मरणात असेल. पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचे गुडघे मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी बदलले: डावा २००० च्या ऑक्टोबरमध्ये आणि उजवा २००१ च्या जूनमध्ये. सांधा निराळा असला तरी प्रश्न तोच होता, आणि उत्तर दोन टप्प्यांचे निघाले. पंचाहत्तरी गाठलेल्या माणसाच्या बाबतीत ते शहाणपणाचेच होते. पण त्याबरोबर हेही खरे की ज्याच्या दिमतीस सारे राष्ट्र उभे आहे त्यास दोन हप्ते परवडतात. ज्याच्या शुश्रूषेसाठी एका शिक्षिकेने बिनपगारी रजा टाकून पुण्याहून एक रात्र आणि जवळजवळ एक दिवस प्रवास करावयाचा, त्याचा हिशेब निराळा पडतो. धोक्याचे गणित देहावरून मांडले जाते असे आपण समजतो. वस्तुतः ते पुष्कळदा परिस्थितीवरून मांडले जाते.

आता कोणी म्हणेल की यात विचार करण्याजोगे काही नाही. देह त्यांचा, वेदना त्यांची, निवडही त्यांची. हे म्हणणे जितके सरळ दिसते तितके ते पुरे नाही. शस्त्रक्रियेच्या टेबलावर मनुष्य एकटा असतो हे खरे. पण तेथून खाली उतरल्यावर तो एकटा नसतो. दोन्ही खुबे बदललेल्या माणसास पहिले काही दिवस कुशीवर वळावयासही दुसऱ्याचा हात लागतो. एका पायाची शस्त्रक्रिया झालेला मनुष्य उरलेल्या पायावर काही भार तोलू शकतो. ‘एक पाय तरी आपला आहे’ असे तो मनाशी म्हणू शकतो. दोन्ही पाय एकदम वैद्याच्या हाती देणाऱ्यास तेवढाही आधार उरत नाही. याचा अर्थ असा की ज्या निवडीने परावलंबनाचा काळ घटतो, तीच निवड त्या काळातील परावलंबन गडद करते. भार कमी होत नाही, तो एकवटतो. आणि एकवटलेला भार ज्याच्या खांद्यावर पडावयाचा, त्याचा त्या निवडीत काही शब्द असावा की नाही?

दुसऱ्यावर आपला भार पडू नये ही इच्छा आपण सद्गुणांत जमा करतो. आपल्याकडील मध्यमवर्गाने तर तिला धर्माची प्रतिष्ठा दिली आहे. ‘हातीपायी धड असताना जावे’ हे आपल्या वडीलधाऱ्यांचे शेवटचे मागणे असते. या इच्छेत दुसऱ्याविषयीची कणव आहे यात शंका नाही. तथापि तिच्या पोटात आणखी एक वृत्ती लपलेली असते, आणि ती निरखून पाहिली पाहिजे. देणारा असणे आपणास रुचते, घेणारा असणे रुचत नाही. जो जन्मभर इतरांच्या अर्जांवर शेरे लिहीत आला, त्यास स्वतः अर्जदार होणे जड जाते. तेव्हा ‘तिला त्रास नको’ या वाक्यात ‘मला कोणाचे देणे नको’ हे दुसरे वाक्य मिसळलेले नाही ना, एवढे तपासून पाहावयास हवे. पहिले प्रेम आहे. दुसरा अभिमान आहे. दोहोंची भाषा एकच असल्यामुळे बोलणारासही ती वेगळी करता येत नाहीत.

ती वेगळी करण्याची एक कसोटी मात्र आहे, आणि ती मला त्या सहकाऱ्यांच्या पत्नीच्या बोलण्यात सापडली. शस्त्रक्रियेनंतर त्या येथे असताना कोणीतरी त्यांच्यापाशी पतीच्या विचारीपणाची स्तुती केली. त्या शांतपणे म्हणाल्या, “मी दोनदा आले असते. एकदाच यावे असेही कदाचित म्हटले असते. पण मला विचारले असते तर बरे झाले असते.” या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. पण जो विचार शंभर ग्रंथांनी सांगावयाचा तो त्यात होता. दुसऱ्याचे कष्ट वाचविण्यासाठी आपला जीव अधिक धोक्यात घालणे हा त्याग असेल. परंतु ज्याच्यासाठी तो करावयाचा त्यास न विचारता केलेला त्याग हे त्याच्यावर लादलेले ऋण होते. काही विपरीत घडले असते, तर ‘माझ्यासाठी त्यांनी हे केले’ हे ओझे त्या माउलीने जन्मभर वाहिले असते. पंधरा दिवसांचे कष्ट वाचविण्याच्या भरात पंधरा वर्षांचे दुःख तिच्या नावे लिहिले जाण्याचा संभव होता.

प्रेम विचारते, अभिमान परस्पर ठरवितो. कसोटी एवढीच.

या प्रश्नात तिसरा एक पक्ष आहे, तो शस्त्रवैद्याचा. ज्याच्या हाती असामान्य कौशल्य आहे त्यास त्याचा मोह पडणे स्वाभाविक असते. लहान छेद, एकच बैठक, दुसऱ्या दिवशी रुग्ण उभा: या गोष्टी रुग्णाच्या हिताच्या असू शकतात, आणि त्या जाहिरातीच्याही असू शकतात. या शतकाच्या आरंभी अमेरिकेत दोन छोट्या छेदांतून खुबा बदलण्याच्या पद्धतीचा मोठा गाजावाजा झाला. पुढे तीत गुंतागुंती अधिक होतात असे अनेकांच्या अनुभवास आले आणि उत्साह ओसरला. कातडीवरचा व्रण लहान असणे आणि आतला सांधा नीट बसणे या भिन्न गोष्टी आहेत. छेद लहान ठेवण्यासाठी वैद्यास आतले पुरेसे दिसेनासे झाले, तर तो लहानपणा कोणाच्या हिताचा?

या बाबतीत ज्या पुरुषाकडे पाहावे तो म्हणजे इंग्लंडचा सर जॉन चार्नली. लँकेशायरमधील राइटिंग्टन येथील रुग्णालयात त्याने प्रथम टेफ्लॉन नावाच्या प्लास्टिकची वाटी वापरून खुबे बदलले. आरंभी रुग्णांना विलक्षण आराम पडला. पण काही वर्षांतच ते प्लास्टिक झिजले आणि त्याचा चुरा शरीरास बाधू लागला. चार्नलीने अपयश झाकले नाही. तो चुरा शरीरात काय करतो हे पाहण्यासाठी त्याने तो स्वतःच्या मांडीत घालून घेतला. नंतर अधिक टिकाऊ पॉलिएथिलीन हाती आले तेव्हा १९६२ च्या नोव्हेंबरपासून त्याने ते वापरावयास सुरुवात केली, आणि आजच्या शस्त्रक्रियेचा पाया त्यातून घातला गेला. ज्या धोक्यात रुग्णास लोटले तो धोका काही अंशी आपणही अंगावर घेतला पाहिजे, ही त्या कृतीमागची भावना मला फार मोलाची वाटते.

याच्या उलट चित्रही आपल्या काळात पाहावयास मिळाले. डीप्यू कंपनीचा एएसआर नावाचा, धातूवर धातू घासणारा सांधा २०१० च्या ऑगस्टमध्ये जगभर परत घेण्यात आला, कारण त्याच्या झिजेतून कोबाल्ट व क्रोमियमचे कण शरीरात पसरत होते आणि अनेकांना पुन्हा शस्त्रक्रिया करून घ्यावी लागत होती. भारतात हा सांधा काही हजार रुग्णांच्या शरीरात बसविला गेला होता. केंद्र सरकारने भरपाईचे सूत्र ठरविले ते २०१८ मध्ये. म्हणजे मध्ये आठ वर्षे गेली. ज्यांच्या हाडांत तो धातू होता त्यांनी ती आठ वर्षे कशी काढली असतील याची कल्पना करणेही कठीण. नवे ते चांगलेच असे नव्हे, आणि विश्वासाने स्वतःला दुसऱ्याच्या स्वाधीन करणाऱ्या माणसाचे ऋण कागदावर फेडता येत नाही, हा त्यातील बोध होय.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. परमुलखात आजारी पडलेल्या माणसाने कोणाच्या आधारावर पडून राहावे? या भूमीत या प्रश्नाला एक जुने मराठी उत्तर आहे, आणि चेन्नईत राहणाऱ्या आपण मंडळींनी ते विसरू नये. तंजावरचे सरफोजी राजे दुसरे यांचा सरस्वती महाल सर्वांस ठाऊक आहे. त्यांनी धन्वंतरी महाल नावाची संस्था चालवून देशी व पाश्चात्त्य वैद्यकाचा संगम साधला. डोळ्यांच्या रुग्णांच्या चित्रांसह नोंदी ठेवविल्या. परंतु मला येथे आठवतात ती तंजावरच्या मराठा राजघराण्याची छत्रे. रामेश्वराच्या वाटेवर ठिकठिकाणी बांधलेल्या या छत्रांत वाटसरूस अन्न मिळे, आजारी पडलेल्यास औषधपाणी मिळे. ओरत्तनाडू येथील मुक्ताम्बाळ छत्र सरफोजींनी आपल्या एका प्रिय व्यक्तीच्या स्मरणार्थ उभारले, आणि ते आजही उभे आहे. त्या छत्रात पथ्याची पेज पिऊन बरा झालेला काशीकडचा यात्रेकरू ते उपकार फेडण्यासाठी तंजावरास परत येत नसे. ते शक्यच नव्हते. त्याने ते फेडावयाचे ते आपल्या गावच्या वाटेवर पडलेल्या दुसऱ्या कोणा परक्याला.

आम्हा कारकून मंडळींच्या मनात ऋणाची कल्पना खतावणीची असते. डाव्या पानावर घेणे, उजव्या पानावर देणे, आणि वर्षाअखेरीस दोन्ही बेरजा जुळल्या पाहिजेत. या दृष्टीने पाहिले तर शुश्रूषा घेणारा मनुष्य सदैव तोट्यात. पण शुश्रूषेचा हिशेब खतावणीचा नसून छत्राचा आहे. तो देणाऱ्याकडे परत जात नाही, पुढे जातो. आई मुलास वाढविते त्याची फेड ते मूल आपल्या मुलास वाढवून करते. शेजारचे तमिळ कुटुंब आठ दिवस रसमभात पाठविते त्याची फेड त्याच दारी होईलच असे नाही. उद्या आपली बदली गुवाहाटीस वा कोचीस झाली तर तेथील कोणा नवख्याच्या दारी होईल. बदलीच्या नोकरीत जन्म घालविणाऱ्या माणसास दुसऱ्या प्रकारची फेड बहुधा करताच येत नाही.

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. ‘भार टाकण्यात लाज नाही’ असे म्हटले की तो भार प्रत्यक्षात कोणावर पडतो हे विसरले जाते. आपल्या घरांत शुश्रूषा ही बहुतेक वेळा पत्नी, बहीण, सून वा लेक यांच्याकडून गृहीत धरली जाते. पुरुष आजारी पडला तर त्यास परावलंबनाची लाज वाटते. स्त्री आजारी पडली तर तिला स्वयंपाकघर बंद पडल्याची लाज वाटते. छत्राचे तत्त्व थोर खरे, पण छत्रातही चुलीपुढे कोणी तरी राबत होतेच. म्हणून मी असे म्हणत नाही की दुसऱ्याचे कष्ट हिशेबात धरू नयेत. ते धरलेच पाहिजेत; पण त्या दुसऱ्यास विचारून धरले पाहिजेत, आणि त्याचा भार हलका करण्यास आपल्या हाती जे आहे ते आधी केले पाहिजे. दोन आठवडे पगारी परिचारिका ठेवता येते. कचेरीतील चार सहकारी पाळीपाळीने रात्री बसू शकतात. मंडळाच्या गणेशोत्सवात पंगतीला वाढणारे हात रुग्णालयात डबा पोहोचवू शकतात. सहकाऱ्यांच्या वेळी यातले बरेचसे झाले. पण ते मागून, मागितल्यावाचून झाले. आधी ठरवून झाले असते तर ‘दोनदा की एकदा’ या प्रश्नास पत्नीच्या कष्टांखेरीज दुसरे उत्तरही मिळाले असते, आणि निर्णय केवळ प्रकृती पाहून घेता आला असता.

आणखी एक विषमता नजरेआड करता येत नाही. केंद्र सरकारची आरोग्य योजना आपल्या पाठीशी आहे. सेंट्रल स्थानकावर ओझी वाहणाऱ्या हमालाचे खुबे आपल्यापेक्षा किती तरी अधिक झिजत असतील. तमिळनाडूत सरकारी विम्याची योजना आहे, महाराष्ट्रात महात्मा फुले यांच्या नावाची आहे; पण शस्त्रक्रिया झाल्यावर तीन महिने ओझे न उचलता त्याच्या घरची चूल कशी पेटावी, हा प्रश्न कोणत्याही योजनेच्या दरपत्रकात बसत नाही. ‘दोन्ही पाय एकदम’ हा त्याच्या बाबतीत विचाराने केलेला पर्याय नसून बुडणाऱ्या रोजगाराने केलेली सक्ती असेल. निवडीचे स्वातंत्र्य म्हणून ज्याचा आपण गौरव करतो ते पुष्कळदा रजेच्या शिल्लक दिवसांवर अवलंबून असते, हे ध्यानात ठेवलेले बरे.

सहकाऱ्यांची शस्त्रक्रिया सुखरूप पार पडली. आज ते काठीवाचून चालतात. मांडी घालून बसू नये असा सल्ला त्यांना मिळाला आहे, म्हणून उत्सवाच्या पंगतीस ते भिंतीकडेच्या खुर्चीवर बसतात. आरंभी त्यांना संकोच वाटे, आता वाटत नाही. पण या सुखरूपतेवरून त्यांचा निर्णय योग्य होता असे सिद्ध होत नाही, जसे विपरीत घडले असते तर तो अयोग्य होता असे सिद्ध झाले नसते. कर्माची योग्यता त्याच्या फळावरून ठरत नाही. ते ज्या विचाराने आणि ज्यांच्या संमतीने केले त्यावरून ठरते. त्यांचा हेतू निर्मळ होता. त्यात उणे होते ते एका प्रश्नाचे, जो त्यांनी पुण्यास दूरध्वनी करून विचारावयाचा होता.

तेव्हा माझ्यापुरता मी असा निष्कर्ष काढतो. देहास काय सोसेल हे वैद्यास विचारावे, आणि त्याच्या उत्तरात आपली लाज मिसळू नये. दुसऱ्यास काय सोसेल हे त्या दुसऱ्यास विचारावे, आणि त्याच्या उत्तरात आपली कणव मिसळू नये. दोन्ही उत्तरे हाती आल्यावर मग एकदम करावे की टप्प्याटप्प्याने, हे ठरविण्यास फारसे तत्त्वज्ञान लागत नाही. ज्या सांध्याने पन्नास वर्षे आपला सारा भार मुकाट्याने वाहिला, तो थकला म्हणजे काही काळ दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून चालावे लागणारच. तो हात ठेवण्यापूर्वी त्या खांद्यास एक शब्द विचारणे, एवढे सौजन्य आपल्या हाती आहे.